तडजोडीच्या कागदात नसलेलं वाक्य

गेल्या वर्षी दिवाळीआधी मी ऑफिसातला जुना कॉम्प्युटर एकदाचा भंगारात काढायचं ठरवलं. डोंबिवलीतलं माझं ऑफिस म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या आणि एक कपाट, तेही धड बंद होत नाही. जुन्या फायली नव्या कॉम्प्युटरवर उतरवून घेताना 'हळद' नावाची फाईल दिसली. नाव मीच दिलेलं. उघडली आणि त्यातलं एक वाक्य वाचलं. मधल्या काळात कायद्याचं नाव बदललं, कलमांचे आकडे बदलले, पण ते वाक्य जागचं हललं नव्हतं. 'मयत हा घटनेच्या वेळी दारूच्या नशेत होता व त्याने स्वतःच्या बेफिकिरीने विद्युत तारेस हात लावला.'

या वाक्याबद्दल सांगायचं तर ठाण्यातल्या नौपाड्यापासून सुरुवात करावी लागेल. आणि नौपाडा निघाला की मी लवकर मुद्द्यावर येत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

वकिलीची पहिली काही वर्षं मी नौपाड्यात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काढली. मी त्यांना सर म्हणायचे. इमारतीत खाली दवाखाना आणि वर सरांचं ऑफिस. खोकल्याचे पेशंट चुकून आमच्या बाकावर येऊन बसायचे आणि आमची पक्षकार मंडळी खाली कंपाउंडरला तारीख विचारायची. "खाली बरा झाला नाही की माणूस वर येतो," असं सर म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. ते वर्तकनगरहून रिक्षाने येत. रोज उतरताना रिक्षावाल्याची उलटतपासणी व्हायची, अमुक रस्ता सोडून तमुक रस्ता का घेतला म्हणून. मी खिडकीतून ऐकत असे आणि आज मूड कसा आहे ते ओळखत असे. चार वाजता चहा आणि बाकरवडी. चहात साखर कमी पडली तर सर तोंड वाकडं करायचे, पण पितळी पेल्यातला थेंब ठेवायचे नाहीत.

त्या ऑफिसात मी जेवढी शिकले तेवढी कॉलेजात शिकले नाही. जे शिकले ते सगळंच चांगलं होतं असं मात्र नाही. नवा पक्षकार खुर्चीत बसला की सर हात वर करायचे. "काय घडलं ते मला सांगू नका. पोलिसांनी काय लिहिलंय तेवढंच सांगा." कोर्टात विचारलं की गुन्हा कबूल नाही म्हणायचं, हे ते देवाचं नाव शिकवावं तसं शिकवायचे. माणूस बिचारा मन मोकळं करायला आलेला असायचा, आणि तोंड मिटून परत जायचा. मला तेव्हा ती हुशारी वाटायची.

दुसरी शिकवण मसुद्यांची. जामिनाचे अर्ज दर वेळी नव्याने लिहायला वेळ कुणाला? कॉम्प्युटरमध्ये, पुढे माझ्याकडे आलेल्या त्याच कॉम्प्युटरमध्ये, मी नमुने करून ठेवले होते. 'रिक्षा', 'भाऊबंदकी', 'भाडेकरू', 'हळद'. कल्याणच्या आसपासच्या गावांत लग्नापेक्षा हळद मोठी. मांडव, लायटिंग, डीजे, मटण आणि पिणं. त्यामुळे लग्नसराई सुरू झाली की हळदीतल्या मारामाऱ्या आणि अपघात आमच्याकडे यायचेच. नमुना उघडायचा, नावं बदलायची, तारीख बदलायची, प्रिंट काढायची. दारूचं वाक्य त्या नमुन्यात पहिल्यापासून होतं. हळद म्हटली की दारू असणारच, यात विचार करण्यासारखं काय आहे, असं मला वाटायचं. मी स्वतः आयुष्यात एकाही हळदीला गेले नव्हते.

अशाच एका लग्नसराईत कल्याणजवळच्या मोहन्याचा वायरमन आमच्याकडे आला. म्हणजे तो कोठडीत होता, त्याची बायको आली. पन्नाशी ओलांडलेला माणूस. मोहन्याच्या कारखान्यात आयुष्य काढलेलं, कारखाना बंद पडल्यावर लग्नाच्या लायटिंगची कामं धरलेली. जवळच्याच एका गावात हळदीच्या मांडवावर माळा लावत असताना शेजारच्या घरातला तिशीचा मुलगा शॉक लागून गेला. पोलिसांनी आधी सदोष मनुष्यवधाचं मोठं कलम लावलं, म्हणून जामीन सत्र न्यायालयातून घ्यावा लागणार होता. मी 'हळद' उघडली, नावं बदलली, प्रिंट काढली. सरांनी कल्याणच्या कोर्टात अर्ज वाचला, आणि दारूच्या वाक्याला नेहमीप्रमाणे आवाज चढवला. जामीन झाला.

मागच्या बाकावर काष्टा घातलेली एक बाई बसली होती. आमच्याकडे एकटक बघत होती. ती गेलेल्या मुलाची आई होती. मी तेव्हा पाकिटात कागद भरत होते.

सुटल्यावर दुसऱ्याच दिवशी वायरमन नौपाड्यात आला. आभार मानायला आला असेल असं वाटलं. बस म्हटलं तर बसेना.

"मॅडम, तो पोरगा प्यायलेला होता असं मी कधी बोललो?"

"काका, ते अर्जात लिहावं लागतं."

"दुपारी दोनची गोष्ट आहे. चुलीवर टोप पण चढले नव्हते. तो आपला शेजारधर्म म्हणून आलेला. मीच त्याला बोललो, जरा ही वायर धर, मी वरनं बांधतो. एका जॉइंटला टेप मारायची राहिलेली माझी. माझी!" त्याने स्वतःच्या छातीवर बोट आपटलं. "आता गावात सगळे बोलतात, कोर्टात वकील बोलले म्हणजे पिऊनच मेला असणार. त्याची आई पाण्याला जाते तर बायका गप्प होतात."

सर आतून ओरडले, "काय घडलं ते सांगू नका!" पण तो सांगून बसला होता. आणि मी अर्ज पुन्हा काढून बघितला. घटनेची वेळ, दुपारी दोन. मीच टाइप केलेली. माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला दिसली नव्हती. मला त्या क्षणी स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी नंतर कधी वाटू नये असं वाटलं. नंतर त्याहून जास्त वाटायची होती, ते तेव्हा माहीत नव्हतं. मुलाच्या पोटात दारू होती की नाही ते व्हिसेराच्या अहवालातून कळलं असतं. तो अहवाल यायचा होता तो यायचाच राहिला.

पुढे दोषारोपपत्रात मोठं कलम गेलं आणि निष्काळजीपणाने मृत्यू, एवढंच उरलं. प्रकरण मॅजिस्ट्रेटकडे आलं. खटला चालला असता तर सरांचा बचाव ठरलेला होता. मयत नशेत होता. म्हणजे त्या आईला पिंजऱ्यात उभं करून तोच प्रश्न दहा तऱ्हांनी विचारायचा. वायरमन म्हणाला, "तसं करणार असाल तर मला दुसरा वकील बघू दे."

तेव्हा मला प्ली बार्गेनिंग आठवलं. कायद्यात येऊन बरीच वर्षं झाली होती, पण आमच्याकडे कुणी त्या वाटेला जात नसे. आरोपीने स्वतःहून अर्ज करायचा, चूक मान्य करायची. मग सरकारी वकील, पोलीस, आरोपी आणि ज्याचं नुकसान झालं तो, असे सगळे बसून तोडगा काढतात. कोर्ट त्याप्रमाणे शिक्षा सौम्य करतं आणि खटला संपतो. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "गुन्ह्याचा सौदा करायला आपण काय मंडईत बसलोय?" मग जरा वेळाने, "कर तुला करायचं तर. तोंडावर पडशील." सरांच्या तोंडून परवानगी अशीच यायची.

पहिल्या तारखेला पडलेच. आरोपी आपल्या मर्जीने अर्ज करतो आहे की कुणाच्या दबावाखाली, हे मॅजिस्ट्रेट त्याला एकट्याला विचारतात. आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. दोन मिनिटांत पट्टेवाला मला बोलवायला आला. आत साहेब वैतागलेले आणि वायरमन हात जोडून उभा. 'हे तू स्वतःच्या इच्छेने करतोस का,' असं विचारल्यावर तो अदबीने म्हणाला होता, "मॅडम सांगतील तसं." जन्मभर साहेब लोकांपुढे असंच बोलायची सवय. साहेबांनी अर्ज फेटाळायचाच बाकी ठेवला होता. मी गयावया केली, पुढची तारीख मिळाली. बाहेर आल्यावर मी त्याच्यावर चिडले. तो म्हणाला, "मग काय बोलू, ते सांगा ना." मी कपाळाला हात लावला आणि कँटीनमध्ये आम्ही दोघंही हसत सुटलो. त्या कँटीनच्या चहाला चव अशी नव्हतीच, पण आजही कल्याणला गेले की मी तो पिते. पुढच्या तारखेला त्याने स्वतःच्या शब्दांत सांगितलं आणि अर्ज पुढे सरकला.

मग बैठक. साहेबांच्या चेंबरमध्ये, जेवणाच्या सुट्टीनंतर. सरकारी वकील, तपासाचे हवालदार, वायरमन, मी आणि ती आई. तिला मी मावशी म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. वायरमन उभा राहिला आणि कुणी विचारायच्या आत तिला म्हणाला, "तुमचा पोरगा शुद्धीत होता. प्यायलेला नव्हता. मीच वायर धर बोललो. टेप माझी राहिली." एवढं बोलून तो रडायला लागला. ती रडली नाही. खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत राहिली.

सरकारी वकिलांनी भरपाईचं विचारलं. ती म्हणाली, "पैसं नको. ह्यो जो बोलला ता लिवा. माजा पोऱ्या पेलेला नव्हता, ता लिवा."

सरकारी वकील समजुतीच्या सुरात म्हणाले, "मावशी, या कागदात तसं लिहायची पद्धत नाही. तोडगा काय निघाला तेवढंच येतं."

"मग मी आंगठा देत नाय."

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. बाहेर बोर्डावर प्रकरणं खोळंबली होती. स्टेनोने कागद छापून आणला. मी वाचला. परस्पर समाधानकारक तोडगा निघाला आहे, फिर्यादी पक्षाची भरपाईची मागणी नाही, आरोपीस चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्यास हरकत नाही. नेटका, साडेतीन परिच्छेदांचा कागद. मुलाच्या शुद्धीचा त्यात शब्द नव्हता. मी म्हणू शकले असते की साहेब, एक ओळ घाला. घातली नसती कदाचित. पण मी म्हटलंच नाही. मला भीती वाटली की सगळं फिसकटेल, नवी तारीख पडेल, वायरमन आत जाईल. आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला नौपाड्यात जाऊन सरांना दाखवायचं होतं की मी तोंडावर पडले नाही.

तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. त्या खोलीत आम्ही दोघीच बायका होतो.

"तू वाच. लिवलंय ना?"

"हो मावशी, लिहिलंय."

तिने अंगठा दिला आणि तिला मिळालेली प्रत घडी करून पदरात बांधली.

वायरमन सुटला. मी संध्याकाळी ठाण्याला गेले, स्टेशनवरून पेढे घेऊन. सरांनी कागद चष्मा वर करून शांतपणे वाचला. पेढा खाल्ला. आणि विचारलं, "त्या बाईला काय मिळालं?" मी काहीतरी बोलले. सरांनी पुन्हा विचारलं नाही. ते आता नाहीत. खाली दवाखाना अजून आहे, वरच्या मजल्यावर केक शिकवण्याचे क्लास चालतात. नौपाड्यातून जाताना मी अजून मान वर करून बघते, आणि मला सरांचं ते 'माणूस वर येतो' ऐकू येतं. माणूस इतका आठवतो आणि तरी त्याच्या एका प्रश्नाचं उत्तर आपण दिलेलं नसतं, हे फार बोचतं.

तर सात वर्षांनी ती 'हळद' फाईल पुन्हा समोर आली. पुसून टाकली असती तर चाललं असतं. मी त्याच आठवड्यात कल्याणहून रिक्षा करून मोहन्याच्या पुढे त्या गावात गेले. घर शोधायला वेळ लागला नाही. म्हातारी झाली होती, ओट्यावर वाल सोलत बसली होती. मी कोण ते सांगायच्या आधीच म्हणाली, "वकिलीनबाय नं तू? बस."

चहा आला. मी पाठ करून आले होते ते म्हटलं. "मावशी, त्या दिवशी मी तुम्हाला खोटं सांगितलं. त्या कागदात ते वाक्य नव्हतं."

तिने वाल सोलायचे थांबवले नाहीत. "माईत हाय. त्याच दिशी आंगनवारीचे बायनं वाचून दाखवला."

"मग तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत?"

"बोलून काय? आंगठा तं देलेला. सकाली उठली नं वायरमनचे घरा गेली. बोलली, कोर्टान माज्याम्होरं बोललास, आता गावाम्होरं बोल. दुसरे दिशी आला त्यो. देवलाम्होरं सगली मानसां बसवली. बोलला त्यो, टेप माजी राहिली, पोऱ्या शुद्धीन होता." तिने एक किडका वाल बाजूला टाकला. "त्याला दोन दिस लागले. तुला सात वरसां लागली."

मी चहाचा पेला खाली ठेवला.

"आता एक सांग," ती म्हणाली. "वायरमन बोलला, मी दारूचा बोललोच नाय, ता वकिलानं लिवला. त्यो तुजा म्हातारा वकील. त्याला मी लय शिव्या देल्या. देवाला पन बोलली त्याचे नावानं. त्यानंच लिवला ना?"

हो म्हणणं सोपं होतं. सर गेलेले, त्यांना काय फरक पडणार होता? इथे साहेब नव्हते, स्टेनो नव्हता, सरकारी वकील नव्हते. खरं बोलले तर शिक्षा कमी करायला कुणी बसलं नव्हतं.

"नाही. त्यांनी फक्त वाचलं. लिहिलं मी होतं. तुमच्या मुलाबद्दल मला काहीसुद्धा माहीत नव्हतं. जुन्या कागदावरून उतरवलं, नाव बदललं."

तिचे हात थांबले. मला वाटलं आता हाकलून देईल. दिलं असतं तर बरं झालं असतं.

"आयतवारी ये," ती म्हणाली. "सगली घरान असतात."

रविवारी मी गेले. देवळासमोर सतरंज्या टाकल्या होत्या. चाळीसेक माणसं असतील, काही मोबाइल बघत होती, काहींना मी का आले तेच माहीत नव्हतं. कोर्टात बोलून पोट भरणारी बाई मी, पण तिथे सुरुवात दोनदा चुकली. मग सांगितलं. वाक्य काय होतं, ते कुठून आलं, घटना दुपारी दोनची होती आणि ते मी बघितलं नाही. कागदात नसलेलं वाक्य 'लिहिलंय' म्हणून मावशींना सांगितलं होतं, तेही सांगितलं. पहिल्या रांगेत ती बसली होती. माझं संपल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं नाही. गुडघ्यावर हात ठेवून उठली, माझ्याकडे पाठ करून माणसांकडे वळली आणि म्हणाली, "आयकला ना सगल्यांनी?"